एकच वाचक, तीन नोंदी : संकेतस्थळाचे आकडे कसे वाचावेत

मंडळाच्या गेल्या बैठकीत संकेतस्थळाच्या वार्षिक खर्चाचा विषय निघाला. टेबलावर तीन कागद होते. पहिला होस्टिंगच्या पॅनेलमधून काढलेला, त्यावरचा महिन्याचा आकडा सहा अंकी. दुसरा गूगल अ‍ॅनालिटिक्सचा, तो चार अंकी. तिसरा गूगल सर्च कन्सोलचा, तो तीन अंकी. संकेतस्थळ एकच, महिना एकच.

या तीन कागदांवरून दोन प्रस्ताव आले. एक असा, की देणगीदारांना पाठवायच्या पत्रात "दरमहा लाखावर वाचक" असं लिहावं. दुसरा असा, की मोडी कागदपत्रांच्या आणि जुन्या अहवालांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ काढून टाकाव्यात. कारण अ‍ॅनालिटिक्सच्या यादीत त्यांचं नावसुद्धा नाही, म्हणजे त्या कोणी बघत नाही. शिवाय जागा त्याच सर्वांत जास्त खातात, त्या गेल्या तर स्वस्तातला होस्टिंग प्लॅन चालेल.

दोन्ही प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवले आहेत. मी नोकरीची बरीच वर्षं कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांबरोबर काढली, म्हणून हे टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. एकाच पाइपवरच्या दोन मीटरांचे आकडे जुळले नाहीत तर तिथे "कोण खोटं?" असं आधी कोणी विचारत नाही. आधी विचारतात, "कोणता मीटर काय मोजतोय?" एक आकारमान मोजत असेल आणि दुसरा वस्तुमान, तर दोघेही बरोबर असून आकडे वेगळे येणारच. संकेतस्थळाचंही तसंच आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद इथल्या ज्या मंडळांची स्वतःची संकेतस्थळं आहेत, त्यांनाही हे उपयोगी पडेल म्हणून इथे देतो आहे.

वाचनालयाच्या तीन वह्या

बडोदेकरांना वाचनालयाचा दाखला लवकर पटतो. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं राहू लागलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरत असत.

आता कुठलंही सार्वजनिक वाचनालय डोळ्यांपुढे आणा. दारात एक वही, आत येणाऱ्या प्रत्येकाची सही त्यात. टेबलावर दुसरी वही, दिलेल्या पुस्तकांची. कपाटात तिसरी, सभासदांची. एका दिवसाचा आकडा तिन्ही वह्यांत वेगळा दिसेल. नुसता पंख्याखाली बसायला आलेला माणूस पहिल्या वहीत आहे, दुसऱ्या वहीत नाही. घरी नेलेलं एक पुस्तक चौघांनी वाचलं तरी दुसऱ्या वहीत नोंद एकच. वर्गणी भरून वर्षभर न फिरकलेला सभासद तिसऱ्या वहीत ठळकपणे उभा. आणि गावी गेलेल्या पेटीतलं पुस्तक तिथे किती जणांनी वाचलं, हे मुख्य वाचनालयाच्या दारातल्या वहीला कधीच कळणार नाही.

या वह्या खोट्या नाहीत. त्यांची बेरीज करून तीनने भागणं मात्र चुकीचं. आपल्या तीन कागदांकडेही असंच बघायचं : प्रत्येक वही कोण लिहितो, कुठे उभं राहून लिहितो, आणि "एक" कशाला म्हणतो.

पहिली वही : सर्व्हरचा लॉग

संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तो आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो. मागणारा कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, केव्हा आला, कोणती फाइल मागितली, ती मिळाली का, किती बाइट गेले, कोणत्या दुव्यावरून आला आणि स्वतःला काय म्हणवतो, म्हणजे कोणता ब्राउझर. मूळ साधन म्हणाल तर हाच. बाकी सगळे अहवाल यावरून किंवा याच्या शेजारून तयार होतात.

या वहीत "एक" म्हणजे एक फाइल. ती फाइल मागणारा माणूस असेलच असं नाही. आपला एखादा लेख उघडला की मजकुराचं पान, त्याच्या सजावटीच्या फाइली, फॉन्ट, बोधचिन्ह, चार छायाचित्रं अशा वीस-तीस वेगळ्या मागण्या जातात. प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. म्हणून हिट्सचा आकडा फुगलेला दिसतो, आणि लेखात दोन फोटो वाढवले की वाचक तेवढेच असूनही तो आणखी फुगतो. पॅनेलमधला आपला सहा अंकी आकडा हिट्सचा आहे.

दुसरं, ही वही येणाऱ्या सगळ्यांना लिहून घेते. त्यात गूगल आणि बिंगचे शोधयंत्रासाठी पानं वाचणारे बॉट आले, अलीकडे भाषिक प्रणालींसाठी मजकूर गोळा करणारे जीपीटीबॉटसारखे नवे बॉट आले, आणि कुठे कुलूप उघडं राहिलंय का हे चाचपणारे चोरटेही आले. काही बॉट आपलं नाव प्रामाणिकपणे सांगतात. काही साध्या ब्राउझरचा वेष घेऊन येतात.

गंमत अशी, की एकाच वहीवरून दोन हिशेबनीस वेगळे आकडे काढतात. बऱ्याच होस्टिंग पॅनेलवर ऑस्टॅट्स आणि वेबलायझर असे दोन कार्यक्रम शेजारी शेजारी असतात. ऑस्टॅट्स ओळखीचे बॉट बाजूला काढून त्यांचा वेगळा तक्ता देतो, वेबलायझर मुळात तसं करत नाही. एकाच आयपी पत्त्यावरून पुन्हा मागणी आली तर ती नवी भेट केव्हा धरायची? ऑस्टॅट्स मध्ये ६० मिनिटांचा खंड मागतो, वेबलायझर ३० मिनिटांचा. वाचक सकाळी दहाला आला आणि पावणेअकराला पुन्हा आला, तर पहिल्याच्या मते भेट एक, दुसऱ्याच्या मते दोन. पुरावा तोच, व्याख्या वेगळी.

दुसरी वही : अ‍ॅनालिटिक्स

अ‍ॅनालिटिक्सची वही आपल्या सर्व्हरवर नसते. आपण प्रत्येक पानात जावास्क्रिप्टचा एक छोटा तुकडा घातलेला असतो. पान उघडलं की तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो, ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, ठेवतो आणि गूगलला निरोप पाठवतो.

इतिहासप्रेमींसाठी एक तपशील : गूगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्यातून अ‍ॅनालिटिक्स निघालं. अर्चिन हा मुळात सर्व्हरचा लॉग वाचणारा कार्यक्रम. आजही प्रचारासाठी पाठवलेल्या दुव्यांना "यूटीएम" ही अक्षरं चिकटलेली दिसतात, त्यातला "यू" अर्चिनचाच.

या पद्धतीत बरीच गाळणी आपोआप होते. साधे बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यामुळे त्यांची नोंद होत नाही. ओळखीचे बॉट गूगल स्वतः वगळतं. पण गाळणीत काही खरी माणसंही अडकतात. ज्यांनी जाहिराती अडवणारा अ‍ॅड ब्लॉकर बसवलाय किंवा ब्रेव्हसारखा ब्राउझर वापरलाय, त्यांच्याकडे हा तुकडा बहुधा चालतच नाही. नेट मंद असेल आणि तुकडा चालायच्या आत वाचक परत फिरला, तर त्याचीही नोंद नाही. उलट, काही बॉट आता पूर्ण ब्राउझर चालवतात, ते इथेही माणूस म्हणून मोजले जाऊ शकतात.

म्हणजे लॉग नेहमी जास्त आणि अ‍ॅनालिटिक्स नेहमी कमी, असा सोपा नियमही करता येत नाही. काल वाचलेलं पान आज पुन्हा उघडलं तर ब्राउझर ते आपल्या साठ्यातूनच काढू शकतो. मग सर्व्हरला मागणी जात नाही, पण तुकडा चालतो आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये नोंद होते. संकेतस्थळासमोर क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा असेल तर बऱ्याच फाइली तीच परस्पर देते आणि आपल्या लॉगला पत्ता लागत नाही. तिची स्वतःची चौथी वही असते, तीत बॉटसकट सगळं.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा तुकडा वेबपानात असतो, पीडीएफमध्ये नसतो. वाचक आपल्या पानावर येऊन तिथून पीडीएफच्या दुव्यावर टिचकी मारेल, तर अ‍ॅनालिटिक्स "फाइल उतरवली" अशी नोंद करू शकतं. पण तो गूगलच्या शोधातून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यातून थेट पीडीएफवर आला, तर अ‍ॅनालिटिक्सच्या दृष्टीने तो आलाच नाही. तेव्हा "यादीत पीडीएफ नाहीत, म्हणजे त्या कोणी वाचत नाही" हे अनुमान टिकत नाही. सभासदांच्या नोंदवहीत पुस्तकांची नावं शोधण्यासारखं ते आहे.

तिसरी वही : सर्च कन्सोल

सर्च कन्सोल गूगलच्या शोधाच्या पानावर उभं असतं, आपल्या दारात नव्हे. आपलं पान कोणाच्या शोधात किती वेळा दिसलं आणि त्यावर किती वेळा टिचकी पडली, एवढंच ते लिहितं. बिंगमधून आलेला, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, किंवा पत्ता पाठ असल्याने थेट आलेला वाचक त्यात नसतो. म्हणून त्याचा आकडा सर्वांत लहान.

पण दोन बाबतींत ही वही बाकीच्या दोघींच्या पुढे आहे. पीडीएफवर पडलेली टिचकी ती मोजते. आणि लोकांनी कोणते शब्द लिहून शोधलं तेही दाखवते. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध मात्र ती खाजगीपणासाठी लपवते. त्यामुळे शब्दांच्या यादीची बेरीज एकूण टिचक्यांपेक्षा कमी भरते. आपल्यासारख्या छोट्या संकेतस्थळाकडे एखाद्या घराण्याचं नाव किंवा एखाद्या गावाचं इनाम शोधत येणारे लोक असेच मोजके असतात, म्हणून ही गळती आपल्याला जास्त जाणवते.

एका वाचकाचा माग

आता एक उदाहरण घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, पण वाट नेहमीची.

समजा, इंदूरच्या एका गृहस्थांनी दुपारी कचेरीतल्या संगणकावर आपल्या घराण्याचं नाव आणि "बडोदे" असा शोध घेतला. गूगलने आपली एक पीडीएफ दाखवली. त्यांनी ती उघडली आणि अर्धा तास वाचली. संध्याकाळी घरी आल्यावर मोबाइलवर आपल्या संकेतस्थळाचं मुखपृष्ठ बघितलं. रात्री पीडीएफचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर भावंडांच्या गटात टाकला, आणि पाच जणांनी तो उघडला.

सर्व्हरचा लॉग काय म्हणेल? मोठी पीडीएफ ब्राउझर बरेचदा एकदम मागत नाही, वाचक पुढे सरकेल तसे तुकडे मागतो. अशा प्रत्येक तुकड्याला लॉगमध्ये २०६ हा संकेतांक मिळतो, म्हणजे "फाइलचा काही भाग दिला". एका वाचनाच्या अशा दहा-बारा ओळी होऊ शकतात. पुढे मुखपृष्ठाच्या वीस-तीस ओळी, तेही वेगळ्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे लॉगच्या लेखी हा दुसराच माणूस. दुवा पाठवताना त्याचं छोटं चित्र दाखवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप स्वतः एकदा पत्त्यावर डोकावतं, ती एक ओळ. नंतर पाच भावंडं.

अ‍ॅनालिटिक्स काय म्हणेल? एक वापरकर्ता, एक भेट, मुखपृष्ठ बघून गेला. अर्ध्या तासाचं वाचन नाही, पाच भावंडं नाहीत.

सर्च कन्सोल म्हणेल, पीडीएफवर एक टिचकी. बस्स.

प्रत्यक्षात काय झालं? सहा माणसांनी एक कागद उघडला, त्यातल्या एकाने मन लावून वाचला. हे वाक्य तिन्ही वह्यांत कुठेच लिहिलेलं नाही. ते तिन्ही शेजारी ठेवून, प्रत्येकीची मर्यादा ओळखून काढावं लागतं. आणि त्या पाचांपैकी कोणी पीडीएफ उतरवून फाइलच पुढे पाठवली, तर तिथून पुढचा प्रवास कुठल्याच वहीत येत नाही. गावी गेलेल्या पेटीतलं पुस्तक ते हेच.

चार शब्द, जे सारखे दिसतात

अहवालांत चार शब्द वारंवार येतात. प्रत्येक साधनात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

*वाचक.* लॉगवर आधारित हिशेबात वाचक म्हणजे आयपी पत्ता. पण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे पुष्कळ माणसं एक होतात. उलट, प्रवासात एकाच फोनचा पत्ता बदलतो आणि एक माणूस तीन होतो. अ‍ॅनालिटिक्समध्ये वाचक म्हणजे कुकी. फोन, घरचा लॅपटॉप आणि कचेरीतला संगणक वापरणारा एक माणूस म्हणजे तीन वाचक. फेसबुकच्या आतच उघडणाऱ्या ब्राउझरची कुकी वेगळी, तो चौथा. आयफोनवरच्या सफारीत अशा प्रकारची कुकी सात दिवसांत पुसली जाऊ शकते, मग दर पंधरवड्याने येणारा जुना वाचक दर वेळी नवा ठरतो. म्हणून "नवे वाचक इतके टक्के" या आकड्यावर फार विसंबू नये. एकाच नावाच्या दोन व्यक्ती आणि दोन नावांची एक व्यक्ती, हा घोळ वंशावळी जुळवणाऱ्यांना नवा नाही.

*भेट.* ३० आणि ६० मिनिटांचा फरक वर आला आहे. आपल्याला जास्त लागू पडणारी बाब अशी : अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीत फक्त एकच पान बघून गेलेल्या वाचकाचा वेळ शून्य सेकंद धरला जाई, कारण वेळ मोजायला पुढच्या पानाची टिचकी लागत असे. चाळीस मिनिटं लावून एक दीर्घ निबंध वाचणारा आणि क्षणात परत जाणारा, दोघेही "लगेच परतले" या एकाच खात्यात. आपल्याकडे येणारे बहुतेक लोक एकच निबंध वाचायला येतात. तेव्हा जुन्या अहवालांवरून "लोक थांबत नाहीत" असं म्हणू नये. नव्या पद्धतीत पान डोळ्यांसमोर किती वेळ होतं ते मोजतात, आणि भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली तर तिला गुंतलेली भेट म्हणतात.

*दिवस.* सर्च कन्सोलचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने चालतो. सयाजीराव महाराजांचं निधन ६ फेब्रुवारी १९३९ चं. समजा, त्या तारखेला सकाळी दहाला आपण एक लेख प्रसिद्ध केला आणि लगेच कोणी तो गूगलवरून उघडला. तेव्हा कॅलिफोर्नियात ५ फेब्रुवारीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणून ती टिचकी ५ तारखेत जमा होते. लॉगचा दिवस सर्व्हरच्या घड्याळाने, बऱ्याचदा ग्रिनिच वेळेने. अ‍ॅनालिटिक्सचा दिवस आपण ठरवून दिलेल्या वेळेने. महिन्याच्या बेरजेत हा फरक जवळपास विरून जातो, पण एका दिवसाची तुलना करताना तिथी आणि तारीख जुळवण्याइतकीच काळजी हवी.

*पान.* आपल्या काही लेखांचे पत्ते देवनागरीत आहेत. यंत्राला ते टक्क्याच्या चिन्हांत लिहावे लागतात, एका देवनागरी चिन्हाला नऊ अक्षरं. "मराठी" हा शब्द पत्त्यात ४५ अक्षरांचा होतो. एखादं साधन तो उलगडून दाखवतं, एखादं तसाच ठेवतं, आणि आपल्याला ती दोन वेगळी पानं वाटतात. फेसबुकवरून आलेल्या पत्त्याला दर वेळी वेगळं लांबलचक शेपूट असतं, त्यामुळे एकाच लेखाच्या अहवालात पन्नास ओळी होऊ शकतात. त्या गोळा कराव्या लागतात. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा ओळखल्या गेल्या, आणि दहा हजार किंवा जास्त भाषक असलेल्या भाषा ठरल्या १२१. काय कशात मिळवायचं हे ठरवल्याशिवाय यादीला अर्थ येत नाही, आणि ते कसं ठरवलं हे लिहून ठेवल्याशिवाय दुसऱ्याला ती तपासता येत नाही.

मालिकेतली फट

वर्षावर्षांची तुलना करणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी : १ जुलै २०२३. त्या दिवसापासून अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीने साध्या खात्यांच्या नव्या नोंदी घेणं बंद केलं आणि फक्त नवी पद्धत राहिली. दोन्हींत भेटीची व्याख्या वेगळी. जुन्या पद्धतीत मध्यरात्र झाली की भेट तुटायची, नव्या पद्धतीत तुटत नाही. जुनी पद्धत सगळे वापरकर्ते दाखवायची, नवी मुख्य अहवालात फक्त सक्रिय वापरकर्ते दाखवते. त्यामुळे २०२२ आणि २०२४ चे आकडे शेजारी मांडून "वाचक घटले" किंवा "वाढले" म्हणणं धोक्याचं.

असली फट आपण जुन्या कागदांतही पाहिली आहे. हिंदुस्थानची जनगणना १९३१ पर्यंत एका ठरलेल्या रात्रीची मोजणी होती. माणूस त्या रात्री जिथे सापडला तिथला. १९४१ पासून ती एका रात्रीची पद्धत सोडून दिली. संस्थानी शहरांतल्या लोकसंख्येवर लिहिताना या दोन वर्षांमधला फरक सांगितला, पण पद्धत बदलल्याचा उल्लेख केला नाही, तर मंडळात आपण लगेच बोट ठेवतो. तीच शिस्त इथे लावायची.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या माणसाला टोचेल अशी. जुन्या पद्धतीचे अहवाल बघण्याची सोयही १ जुलै २०२४ पासून बंद होत गेली. ज्यांनी आधी उतरवून घेतले नाहीत त्यांचा पुरावा गेला. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा तपशील ठेवतं. होस्टिंगवाले लॉग ठराविक काळाने पुसतात. दफ्तर जपा म्हणून जगाला सांगणाऱ्यांनी स्वतःचं दफ्तर दरमहा बांधून ठेवायला हवं. फक्त लॉगमध्ये लोकांचे आयपी पत्ते असतात, म्हणून कच्चा लॉग कोणाला वाटू नये, बेरजा जपाव्यात.

मग करायचं काय?

पहिला प्रस्ताव, लाखावर वाचकांचा : तो मागे घ्यावा असं माझं मत आहे. तो आकडा फाइलींच्या मागण्यांचा आहे. देणगीदारांपैकी एखाद्याला संगणकातलं कळत असेल तर एका प्रश्नात आपली पत जाईल. पानिपतावरचं सैन्य सांगताना लढाऊ किती आणि बुणगे धरून किती, हे वेगळं सांगावं असा आग्रह आपणच धरतो ना?

दुसरा प्रस्ताव, पीडीएफ काढण्याचा : तो या पुराव्यावर तरी मंजूर करू नये. ज्या वहीत पीडीएफची नोंद होऊच शकत नाही, ती वही त्यांच्या विरुद्ध साक्षीदार कशी? जागेचा प्रश्न खरा आहे, पण तो आकाराचा प्रश्न आहे. स्कॅन योग्य प्रकारे लहान करता येतात, मूळ मोठ्या प्रती मंडळाच्या डिस्कवर ठेवता येतात.

निर्णय नीट व्हावा म्हणून चार कामं सुचवतो.

१. प्रत्येक पीडीएफसाठी एक छोटं वेबपान करावं : कागदाचं शीर्षक, काळ, लिपी, दहा ओळींचा सारांश, आणि खाली दुवा. शोधातून येणारा वाचक त्या पानावर उतरू लागला तर अ‍ॅनालिटिक्सला तो दिसेल. आणि मोजणी बाजूला ठेवली तरी मोडी न वाचता येणाऱ्याला कागदात काय आहे ते कळेल, हा फायदा मोठा.

२. पीडीएफसाठी सहा महिने लॉग आणि सर्च कन्सोल यांचा वेगळा हिशेब ठेवावा. लॉगमध्ये बॉट वगळावेत, आणि एकाच पत्त्यावरून एकाच दिवशी आलेल्या त्याच फाइलच्या सगळ्या तुकड्यांची नोंद एक धरावी. हा हिशेब करायला मी तयार आहे.

३. वार्षिक अहवालात प्रत्येक आकड्याबरोबर चार गोष्टी छापाव्यात : साधन कोणतं, काय मोजलं, कोणत्या काळात, काय वगळलं. एका साधनाचा आकडा त्याच साधनाच्या मागच्या आकड्याशीच ताडावा. दोन साधनांची सरासरी कधीही काढू नये. तिन्ही वह्या एकाच दिशेला चालल्या असतील, तर वाढ किंवा घट खरी समजायला हरकत नाही.

४. वाचकांची पत्रं आणि ईमेल यांची एक साधी नोंदवही ठेवावी. "माझ्या पणजोबांचं नाव या यादीत सापडलं" असं कोणी कळवलं तर तारखेसकट लिहावं. देणगीदारांच्या पत्रात एका फुगलेल्या आकड्याऐवजी अशा पाच नोंदी आणि एक प्रामाणिक आकडा जास्त बोलेल.

सहा महिन्यांनी कळेल की अमुक पीडीएफ खरोखरच कोणी उघडत नाही. तेव्हाही ती काढायची की नाही, हा प्रश्न वेगळा राहील. दफ्तरखान्यातला रुमाल वर्षानुवर्षं कोणी सोडत नाही, म्हणून तो रद्दीत घालत नाहीत. पण तो निर्णय काहीही होवो, तो कागदाच्या मोलावर व्हावा. चुकीच्या वहीतली रिकामी ओळ पाहून होऊ नये.